घाना सत्र : निघण्याआधी वाचाच

घाना विद्यापीठात (लेगॉन, अक्रा) सत्रासाठी निघणाऱ्या सर्वांनी पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी टोचून घ्यावी. पिवळे कार्ड (ही लस घेतल्याचा दाखला) हातातल्या बॅगेतच ठेवा. अक्राला उतरल्यावर ते मागतात, आणि परतताना नसेल तर भारतात विलगीकरणात ठेवू शकतात.

गावभेटीत आधी गावप्रमुखाला भेटायचे, मग काम. भेट म्हणून श्नॅप्सची बाटली न्यायचा रिवाज आहे (हो, दारूच! बिचकू नका, पूर्वजांना तर्पण त्यानेच होते). देणेघेणे उजव्या हाताने.

बाजारातल्या बायकांची ‘सुसू’ म्हणजे साधारण आपली भिशी. त्यावर प्रकल्प करणाऱ्यांनी थेट प्रश्नावली पुढे करू नये. आधी खुशाली विचारा, जमल्यास काहीतरी विकत घ्या.

कार्डाचा फोटो गटावर नको, समन्वयकांना वेगळा पाठवा.