सिरिंजवरचे ‘दहा युनिट’ आणि पेप्टाइडची पूड

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इन्सुलिनची सिरिंज मागायला दुकानात मधुमेही येतात, त्यांच्या घरचे येतात. अलीकडे जिममधली विशी-पंचविशीची पोरंही येऊ लागली आहेत. कुणाचा खांदा दुखावलेला असतो, कुणाला लग्नाआधी वजन उतरवायचं असतं. ऑनलाइन मागवलेली पेप्टाइडची (प्रथिनासारख्या छोट्या रेणूंची) पूड घरी येऊन पडलेली असते. दुखापत बरी करतं म्हणून विकलं जाणारं बीपीसी-१५७, नाहीतर मधुमेह आणि वजनावरचं सेमाग्लुटाइड म्हणून विकलेली. आता सिरिंज आणि इंजेक्शनचं पाणी तेवढं हवं असतं. डोस किती, असं विचारलं की उत्तर येतं, ‘दहा युनिट’. दहा युनिट म्हणजे किती मिलिग्रॅम, हे मात्र सांगता येत नाही. जुळे सोलापुरात औषधाचं दुकान चालवणाऱ्या मला याची धास्ती वाटते, म्हणून हे पत्र.

युनिट हे इन्सुलिनचं माप. आपल्याकडे सिरिंज दोन प्रकारच्या मिळतात. लाल टोपणाच्या यू-४० सिरिंजमध्ये एका मिलिलिटरला ४० युनिट, तर केशरी टोपणाच्या यू-१०० मध्ये १००. समजा, व्हायलमध्ये (औषधाच्या छोट्या बाटलीत) ५ मिलिग्रॅम पूड आहे आणि तीत २ मिलिलिटर पाणी घातलं. केशरी सिरिंजचे दहा युनिट म्हणजे ०.१ मिलिलिटर, त्यात २५० मायक्रोग्रॅम औषध आलं. लाल सिरिंजनं तेच दहा युनिट ओढले तर ६२५ मायक्रोग्रॅम, म्हणजे अडीचपट. पाणी एकच मिलिलिटर घातलेलं असेल तर दोन्ही आकडे आणखी दुप्पट. मित्रानं सांगितलेले दहा युनिट कोणत्या सिरिंजचे आणि किती पाण्यातले, हे कुणीच विचारत नाही. त्यात मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅमची गल्लत झाली की चूक थेट हजारपटीची.

ही नुसती कागदावरची भीती नाही. सेमाग्लुटाइड व्हायलमधून सिरिंजनं ओढताना लोकांनी ठरल्यापेक्षा पाच ते वीसपट डोस घेतल्याचं अमेरिकेच्या एफडीएनं (तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं) २०२४ मध्ये जाहीर केलं होतं. काहींना दवाखान्यात दाखल करावं लागलं. हे औषध डॉक्टर आठवड्यातून एकदा, ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि हळूहळू वाढवतात, ते उगाच नाही.

परवानाधारक कंपनी इंजेक्शनची पूड विकते तेव्हा किती पाणी घालायचं, मिसळल्यावर किती वेळ वापरायचं, सगळं छापून देते. एचसीजी या संप्रेरकाच्या इंजेक्शनच्या खोक्यात तर मिसळायचं द्रावणही सोबत असतं. ऑनलाइन येणाऱ्या या व्हायलवर ‘फक्त संशोधनासाठी’ एवढंच लिहिलेलं असतं. आत लिहिल्याइतकंच औषध आहे का, ते निर्जंतुक आहे का, आपल्या उन्हाळ्यात कुरिअरच्या गाडीत त्याचं काय झालं, याची हमी कोण देणार? शिवाय इंजेक्शनच्या साध्या पाण्यात जंतू रोखणारं काहीच नसतं. त्याची अँप्यूल, म्हणजे सीलबंद छोटी कुपी, एकदाच वापरायची. त्यात कालवलेली पूड फ्रिजमध्ये ठेवून पोरं दिवसचे दिवस टोचून घेतात.

बीपीसी-१५७ वर तर ‘वाडा’नं, म्हणजे खेळातल्या उत्तेजकांवर नजर ठेवणाऱ्या जागतिक संस्थेनं, २०२२ पासून बंदी घातलेली आहे. कुस्ती-कबड्डीत पुढं जाऊ पाहणाऱ्या आपल्या पोरांना हे कुणी सांगतं का? तालमीतल्या वस्तादांनी आणि जिमच्या मालकांनी ते स्पष्ट सांगावं. माझ्या व्यवसायबंधूंनी सिरिंज देण्याआधी ‘कशासाठी?’ एवढं विचारावं. गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. अन्न व औषध प्रशासनानं या ऑनलाइन विक्रीकडे लक्ष द्यावं. आपल्या आरोग्य पानावर दोन्ही सिरिंजची छायाचित्रं शेजारी-शेजारी छापता आली तर फार बरं होईल.

आणि घरातल्या कुणी असं इंजेक्शन घेतलं असेल, उलट्या थांबत नसतील, चक्कर येत असेल किंवा टोचलेली जागा सुजून लाल झाली असेल, तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा. जाताना व्हायल, वापरलेली सिरिंज आणि पाण्याची अँप्यूल पिशवीत घालून न्यावी. अंगात नेमकं किती गेलं याचा हिशेब डॉक्टरांना त्यावरूनच मांडता येतो.

आपला नम्र,
एक औषधविक्रेता,
जुळे सोलापूर