ती कुकरची शिट्टी राहू दिलीत म्हणून

प्रिय ताई,

वयाने तुम्ही माझ्याहून बऱ्याच लहान, पण माझा मुलगा ताई म्हणतो म्हणून मीही तेच लिहिते.

तुमची फिल्म नऊ मिनिटांची, शाळांतून दाखवायची. त्यात त्याचं एकच वाक्य आणि त्याला लागतं जवळजवळ पाऊण मिनिट. जन्मताना प्राणवायू कमी पडला, सेरेब्रल पाल्सी. डोकं तल्लख आहे, जीभ आणि ओठ तेवढे त्याचं ऐकत नाहीत. ‘लो… लो…’वर तो अडकला तशी सवयीने मी वाक्य पुरं करायला तोंड उघडलं. तुम्ही माझ्याकडे न बघताच हात वर केलात. सगळेच थांबलो. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली. मग तो म्हणाला, “लोक आईला विचारतात, याला तिखट चालतं का.”

सोळा वर्षांचा आहे तो. दुसऱ्याच्या तोंडचा घास काढू नये म्हणतात. मी इतकी वर्षं मायेने त्याच्या तोंडचे शब्द काढून घेत होते.

वाटलं होतं, एडिटिंगमध्ये तरी हे कापाल. नाही कापलंत. शिट्टीसुद्धा तशीच आहे.

याआधीही कॅमेरे आले होते हो आमच्याकडे. ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनाचे. केळी, ब्लँकेट, फोटो, “बेटा, जरा हस.” (ब्लँकेट चांगलं निघालं, खोटं कशाला बोलू.) त्याला कुणी काही विचारलं नाही. आणि एका शाळेने तर “बाकीच्या मुलांवर परिणाम होईल” म्हणून दारातूनच परत पाठवलं. भेदभाव न करता प्रवेश द्या असं दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा सांगतो. ते सोडा, हे बडोदं आहे! सयाजीरावांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेच. पुतळ्याला हार घालायला मात्र सगळे पुढे.

तुमच्यात मोठेपणाचा आव नव्हता. चहाचे कप विसळून ठेवून गेलात. साधी माणसं अशीच असतात बहुतेक, आपल्यालाच उशिरा भेटतात.

परवा दांडिया बाजारातून येताना सेव-उसळ खायला थांबलो. गाडीवाल्याने मलाच विचारलं, “याला तिखट?” मी पर्समध्ये सुट्टे शोधत बसले. मागे रांग कुरकुरायला लागली. बऱ्याच वेळाने चिरंजीव बोलले, “तरी… जास्त.”

रात्री दहापर्यंत उचक्या देत होता.

तुमची,
त्याची आई