गेटच्या कार्डाबाबत सूचना (कोपरखैरणे)

सर्व सभासदांस नमस्कार. लॉबीच्या दाराचे कार्ड चावीवाल्याकडून ‘डुप्लिकेट’ करून आणू नये. आपली जुनी कार्डे १२५ किलोहर्ट्झची. कोणत्याही रीडरसमोर धरली की तोच ठरलेला नंबर ओकतात, नक्कल काही सेकंदांत होते. परवा बी विंगचे एकच कार्ड एका मिनिटात पुढच्या आणि मागच्या, दोन्ही गेटांवर वाजले! म्हणून आता १३.५६ मेगाहर्ट्झची, एईएस एन्क्रिप्शनवाली (म्हणजे गुप्त किल्लीने माहिती सांकेतिक करणारी) कार्डे घेतली आहेत. (‘मायफेअर क्लासिक’ प्रकारची कार्डे स्वस्त पडत होती, पण त्यांचे सांकेतिक कुलूप संशोधकांनी २००८ सालीच फोडले आहे.) रविवारी १० ते १ सोसायटी ऑफिसात जुने कार्ड देऊन नवे न्यावे. मावशींचे, ड्रायव्हरचेही आणा. कार्ड हरवल्यास लगेच कळवा, त्याच क्षणी बंद करता येते.

– सचिव