सांगाडा 1:64चा, नकाशा 1:72चा : जहाजाच्या मॉडेल किटबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 'ट्रिंकोमाली' या शिडाच्या युद्धनौकेच्या लाकडी मॉडेल किटमधील चुकीचा नकाशा, वाकलेला कणा आणि जाहिरातीशी न जुळणारे साहित्य.

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी जानेवारीत वरील किट साडेअठरा हजार रुपये भरून मागवले. फेब्रुवारीत ते नाशिकला पोचले. तेव्हापासून फोन आणि ईमेल करून थकलो, म्हणून आता हे सविस्तर पत्र लिहीत आहे. ऑर्डर क्रमांक, पावती आणि फोटो सोबत जोडले आहेत.

मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पॅटर्नमेकर म्हणून नोकरी केली. ओतकामासाठी लाकडाचे साचे बनवण्यात उभे आयुष्य गेले. निवृत्तीनंतर जुन्या शिडाच्या जहाजांची मॉडेल्स बनवतो. सांगायचे कारण एवढेच, की खाली दिलेली मापे व्हर्नियर आणि स्टीलच्या पट्टीने घेतलेली आहेत, नजरेने नाहीत.

सर्वांत गंभीर गोष्ट आधी. बॉक्सवर, पुस्तिकेवर आणि जाहिरातीत किटचे प्रमाण 1:64 दिले आहे. म्हणजे खऱ्या जहाजावरचा एक फूट मॉडेलवर पावणेपाच मिलिमीटर. 'ट्रिंकोमाली'ची रुंदी जवळपास चाळीस फूट, तेव्हा मॉडेल साधारण 190 मिलिमीटर रुंद व्हायला हवे. आपण दिलेले मधले बल्कहेड (कण्यावर आडवी बसणारी, जहाजाच्या अंगाला आकार देणारी फळी), दोन्ही बाजूंच्या फळीची जाडी धरून, बरोबर तेवढेच भरते. पण नकाशावर तीच रुंदी 169 मिलिमीटर आहे. गनडेकची, म्हणजे तोफांच्या मुख्य डेकची, लांबी 714 मिलिमीटरच्या आसपास असायला हवी, ती नकाशावर 635 आहे. दोन्ही आकडे 1:72 या प्रमाणाशी जुळतात. सांगाडा एका प्रमाणात कापला आहे आणि नकाशा दुसऱ्याच प्रमाणात छापला आहे.

यावर आपल्या प्रतिनिधीचे उत्तर होते, "सर, शोपीस आहे, इतका फरक दिसणार नाही." फरक नक्की दिसेल. पुस्तिकेत डोलकाठ्यांची आणि यार्डांची (शिडे टांगायच्या आडव्या काठ्यांची) मापे दिलेली नाहीत, ती नकाशावरून थेट उचलून कापा असे लिहिले आहे. त्याप्रमाणे कापले तर नऊ इंचांची डोलकाठी आठ इंचांची होईल. मोठ्या अंगाच्या जहाजावर आखूड डोलकाठ्या आणि छोटी शिडे! शिडाच्या जहाजाचा सगळा डौल डोलकाठ्यांत असतो. ज्याने आयुष्यात बंदर पाहिलेले नाही त्यालाही काहीतरी बिघडले आहे हे कळेल.

आणि हे नेमक्या या जहाजाच्या बाबतीत व्हावे याचे मला जास्त वाईट वाटते. 'ट्रिंकोमाली' आपल्या मुंबईची आहे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी ती मलबारच्या सागवानातून बांधली आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी ती पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. तिचे पहिले नकाशे मुंबईला पोचलेच नाहीत. ते 'जावा' या युद्धनौकेवरून पाठवले होते आणि डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'चा पाडाव केला. इंग्लंडहून पुन्हा नकाशे आले आणि 1816 मध्ये कणा बसला. वाडिया मंडळी पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधत होती, हाताशी कसबी सुतार होते. तरीही नकाशाशिवाय काम सुरू झाले नाही. आपण मात्र ग्राहकाला चुकीचा नकाशा देऊन 'जमवून घ्या' म्हणता.

याआधी मी आंग्र्यांच्या आरमारातली गुराब, म्हणजे शिडाची लढाऊ नौका, केली आहे. तिथे अडचण समजू शकतो. गुराबेचे बांधणीचे नेमके नकाशे हाती नसतात. दोन किंवा तीन डोलकाठ्या, लांबीच्या मानाने रुंद आणि उथळ अंग, पुढे निमुळती होत बाहेर झेपावलेली नाळ, अशा वर्णनांवरून आणि जुन्या चित्रांवरून अंदाज बांधावा लागतो. एका आकाराबद्दल दोन जाणकारांची दोन मते असतात. 'ट्रिंकोमाली'चे तसे नाही. जहाज डोळ्यांसमोर उभे आहे आणि 1990 नंतर तिची मोठी डागडुजी झाली आहे. तिच्याबाबत अंदाजाला जागाच नाही. अशा जहाजाचे किट विकताना मापात एवढी तफावत चालणार नाही.

दुसरा दोष कण्याचा. ज्या प्लायच्या कण्यात सगळी बल्कहेड बसतात, तो पट्टीला लावून पाहिल्यावर मधोमध चार मिलिमीटर बाक दिसतो. खऱ्या जहाजाच्या मापात हा दहा इंचांचा बाक झाला. यावर मला सांगण्यात आले की नाशिकच्या हवेमुळे प्लाय वाकला असेल. हे मला मान्य नाही. किट आले त्याच दिवशी, कुरिअरवाला दारात असतानाच मी बॉक्स उघडला आणि कणा पट्टीला लावून फोटो काढला. फोटोवर तारीख आहे. प्लाय कारखान्यातून किंवा गोदामातूनच वाकून आला.

मग सल्ला मिळाला की बल्कहेड चिकटवा, फळ्या मारा आणि जिथे खड्डा दिसेल तिथे पुट्टी भरून घासून घ्या. पुट्टीने खड्डा भरतो, कणा सरळ होत नाही. कणा वाकडा राहिला तर एका बाजूची फळी लांब पडते, दुसरीकडची फुगते, सुकाणू आणि पुढचा बोस्प्रिट (नाळेतून पुढे झेपावलेली तिरकी काठी) एका रेषेत येत नाहीत आणि तिन्ही डोलकाठ्या वेगवेगळ्या दिशांना कलतात. पुढची सगळी मेहनत त्यावर वाया जाते. या जहाजाचा कणा बसवताना जमशेटजींनी पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला होता. मॉडेलच्या कण्यातही तसा खिळा बसवायचा म्हणून मी सराफ बाजारातून चांदीची बारीक तार आणून ठेवली आहे. ती या वाकड्या प्लायमध्ये मी ठोकणार नाही.

तिसरी गोष्ट लाकडाची, आणि ही सरळ फसवणूक आहे. जाहिरातीत सांगाड्यावर मारायच्या दुसऱ्या थराच्या पट्ट्या अक्रोडाच्या असल्याचे लिहिले आहे. नाळेजवळच्या वळणासाठी पट्ट्या वाकवाव्या लागतात, म्हणून मी काही पट्ट्या कोमट पाण्यात भिजवल्या. थोड्या वेळात पाणी कोऱ्या चहासारखे झाले आणि पट्ट्यांवर फिकट चट्टे उठले. एक पट्टी धारदार पात्याने तिरकी कापली, तर आत पांढरट लाकूड आणि वर कागदाएवढा तपकिरी रंग. अक्रोडाच्या गाभ्याचा रंग आरपार असतो. साधे लाकूड द्यायचे होते तर तसे लिहून कमी किमतीत विकायचे होते. मी तेही आनंदाने घेतले असते आणि हवा तो रंग स्वतः दिला असता.

बाकीचे थोडक्यात. गनडेकवर अठरा पौंडी (अठरा पौंडांचा गोळा फेकणाऱ्या) 28 लांब तोफा आणि वरच्या डेकवर आखूड, जाड बत्तीस पौंडी कॅरोनेड तोफा अशी या जहाजाची मांडणी आहे. बॉक्सवरच्या चित्रात दोन्ही प्रकार स्पष्ट दिसतात, आत मात्र सगळ्या नळ्या एकाच साच्यातल्या आहेत. डेडआयना (डोलकाठीचे दोर ताणून बांधायच्या गोल लाकडी ठोकळ्यांना) तीन-तीन भोके हवीत, त्यातल्या बऱ्याच डेडआयची भोके बुजलेली आहेत. दोराचे एकच रीळ आहे, पांढरे आणि चकचकीत. डोलकाठीला ताणून धरणारे श्राउड जाड आणि डांबर लावल्यामुळे काळपट असतात, शिडे हलवणारे दोर बारीक आणि फिकट. एका रिळात दोन्ही कसे भागवायचे? तळाला लावायची तांब्याची पट्टी मात्र चांगली आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आपल्या विभागाचे शेवटचे म्हणणे असे, की परत करण्याची सात दिवसांची मुदत संपली आहे, म्हणून पुढच्या खरेदीवर पंधरा टक्के सवलतीचे कूपन घ्या. मला कूपन नको. कण्याचा बाक मी पहिल्याच दिवशी कळवला होता, ती तक्रार तरी मुदतीतली आहे. आणि अशा किटमधले बाकीचे दोष बॉक्स उघडून वरवर पाहिल्याने कळत नाहीत. पट्टी भिजवल्याशिवाय तिचा रंग सुटतो हे कसे कळणार? सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असे ई-कॉमर्ससंबंधीच्या 2020च्या ग्राहक संरक्षण नियमांत स्पष्ट आहे. त्यापुढे सात दिवसांची अट टिकणार नाही.

माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे. 1:64 प्रमाणातला पूर्ण नकाशासंच आणि सरळ कणा पाठवावा. कॅरोनेड, भोके नीट असलेले डेडआय आणि दोन्ही प्रकारचे दोर द्यावेत. पट्ट्या खऱ्या अक्रोडाच्या बदलून द्याव्यात, किंवा किमतीतला फरक परत करून जाहिरात दुरुस्त करावी. हे जमत नसेल तर किट परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. खरे सांगायचे तर मला पैसे परत नको आहेत, मला हे जहाज बांधायचे आहे.

आणखी एक. हाच नकाशा ज्या ज्या ग्राहकांना गेला असेल, त्यांना आपण स्वतःहून कळवावे. पहिलेच मॉडेल करणारा कोणी असेल तर त्याला चूक कुठे आहे हे कळणार नाही. आपल्याला हे काम जमत नाही असे समजून तो अर्धवट सांगाडा माळ्यावर टाकेल आणि पुन्हा या कामाला हात लावणार नाही. माझ्या नुकसानीपेक्षा मला हे नुकसान मोठे वाटते.

वरील नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करून नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली दाद मागेन.

किटचे सर्व भाग मूळ बॉक्समध्ये ठेवले आहेत. भिजवलेल्या आणि कापलेल्या पट्ट्या वेगळ्या पिशवीत बांधल्या आहेत. तपासणीसाठी माणूस पाठवायचा असेल तर आदल्या दिवशी फोन करावा आणि त्याच्याबरोबर 1:64चा नकाशा द्यावा, म्हणजे दोन्ही कागद शेजारी ठेवून त्याच्यासमोरच मापे घेता येतील.

आपला,
एक ग्राहक
गंगापूर रोड, नाशिक

सोबत : पावतीची प्रत, कण्याचे आणि पट्ट्यांचे फोटो, नकाशा व बल्कहेडच्या मापांचा तक्ता