नियम मोडा म्हणणाऱ्यांनी एकदा लॅडलपाशी उभे राहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शनिवारच्या पुरवणीत उद्योगाच्या पानावर आलेला लेख वाचला. रविवारीच पत्र लिहायला बसलो होतो, पण रागाच्या भरात लिहू नये म्हणून एक दिवस थांबलो. राग काही गेला नाही, तेव्हा आता लिहितोच.

लेखकमहोदयांची भाषा चांगली आहे, तरुणांबद्दल तळमळही दिसते. पण शिस्त हा नव्या कल्पनेचा शत्रू आहे, असे वाक्य चौकट करून ठळक अक्षरांत छापायला नको होते. माझी एकतीस वर्षे फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात गेली, त्यातली बावीस क्वालिटीला. ते वाक्य उद्या एखाद्या कारखानदाराचा मुलगा वाचेल आणि खरे मानेल. माझ्या डोळ्यांसमोर एकाने मानले होते.

पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांची गोष्ट लेखात आहे. थ्रीएम कंपनी माणसांना पंधरा टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेसाठी देते, हे खरे. पण स्पेन्सर सिल्व्हर यांना तो हलका चिकटणारा गोंद सापडला १९६८ मध्ये आणि चिठ्ठ्या अमेरिकेच्या बाजारात सगळीकडे आल्या १९८० मध्ये. मधल्या बारा वर्षांवर लेखात एक ओळ नाही. गोंद चिठ्ठीलाच राहिला पाहिजे, ज्या कागदावर लावली त्याच्यावर उतरता कामा नये, आणि हे लाखो चिठ्ठ्यांत तसेच झाले पाहिजे. ते काय आपोआप झाले? तेच ते पुन्हा पुन्हा करून बघणारी माणसे होती म्हणून झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांचेही तेच. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी त्यांच्या लोखंडी नांगराला हात लावेनात, पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा आमच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. शेतकऱ्याने नांगर घेतला तो कल्पना नवी होती म्हणून नव्हे, नांगर शेतात टिकला म्हणून.

आता मी जे बघितले ते सांगतो. कारखान्याचे नाव देत नाही, तिथे आजही ओळखीची माणसे कामाला आहेत.

आमच्याकडे एसजी आयर्न ओतत, म्हणजे आत ग्राफाइटचे गोल दाणे असलेले मजबूत ओतीव लोखंड. त्यात भट्टीतले वितळलेले लोखंड लॅडलमध्ये, म्हणजे ते साच्यांपर्यंत नेण्याच्या भांड्यात घेताना मॅग्नेशियमची ट्रीटमेंट देतात. पांढरा लखलखाट होतो, आणि त्या क्षणापासून घड्याळ चालू. आमच्याकडे दहा मिनिटांचा नियम होता. तेवढ्यात ते लोखंड साच्यांत गेले पाहिजे. उशीर झाला की मॅग्नेशियम उडत जाते, आतल्या ग्राफाइटचे गोल दाणे बिघडतात आणि कास्टिंगची ताकद जाते. वरून बघून काही कळत नाही. तोच रंग, तोच आकार. म्हणून लॅडल फिरत असे तिथे भिंतीला एक काळा फळा होता. हीट नंबर (भट्टीच्या त्या खेपेचा क्रमांक), ट्रीटमेंटची वेळ, शेवटचा साचा भरल्याची वेळ. एक मुलगा खडू घेऊन तिथेच उभा असे. दहा मिनिटे झाली की तो हात वर करी, आणि उरलेले लोखंड साच्यात न जाता पिगला जाई, पुन्हा वितळवायला. साचे करणारे मोल्डर शिव्या घालत, कारण त्यांचे साचे रिकामे राहत. पण हात वर झाला की ओतणे बंद. खुद्द मालक उभे असले तरी बंद.

हे थोरले मालक नव्याच्या विरोधात होते असे कुणी समजू नये. आजूबाजूला माणसे तुकडा फोडून त्याचा रंग बघून लोखंड ओळखत होती, तेव्हा त्यांनी कर्ज काढून स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे लोखंडातले घटक मोजणारे यंत्र आणले. कोकवर चालणारी जुनी क्युपोला भट्टी मोडून विजेवरची इंडक्शन भट्टी बसवली. मात्र त्यांचा एक दंडक होता. नवे आणा, पण महिनाभर ते जुन्याच्या शेजारी चालवा. स्पेक्ट्रो आल्यावर महिनाभर आम्ही तुकडाही फोडत होतो आणि स्पेक्ट्रोही मारत होतो, दोन्ही आकडे एकाच वहीत. तिसऱ्या आठवड्यात फरक दिसला, नमुना घासण्यात चूक होती ती सापडली. मग फोडणे बंद केले.

त्यांचे चिरंजीव पुण्याहून शिकून आले. हुशार मुलगा, कष्टाळूही, मला काका म्हणायचा. त्याने सगळा कारखाना टॅबवर आणायचे ठरवले. कल्पना वाईट नव्हती, मी स्वतः त्याला फॉर्म तयार करून दिले. पण ज्या दिवशी टॅब आले त्याच दिवशी फळा उतरवला. मी म्हटले, महिनाभर राहू दे. तो म्हणाला, काका, दोन-दोन ठिकाणी लिहायला लावलं तर लोक नवीन कधीच शिकणार नाहीत.

लॅडलपाशी चामड्याचे हातमोजे घालून टॅबवर बोट चालत नाही. पडद्यावर सतत वाळूची धूळ. चार-पाच दिवसांत सुपरवायझर पाळी संपल्यावर ऑफिसात बसून आठवेल तशा वेळा भरू लागला. मला संशय आला तो आकडे बघून. प्रत्येक लॅडल आठ मिनिटे. सोमवारी आठ, मंगळवारी आठ, रात्रपाळीलाही आठ. फळ्यावर कधी सहा असे, कधी नऊ, कधी खोडलेले साडेदहा आणि पुढे 'पिग'. मी फळ्याच्या जुन्या नोंदी आणि हे नवे आकडे शेजारी ठेवून दाखवले. सिस्टिम स्थिरावतेय, असे उत्तर मिळाले.

चौथ्या महिन्यात पार्टीने, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीने, एक ब्रॅकेट कापून बघितला. नोड्युलॅरिटी, म्हणजे ग्राफाइटचे किती दाणे गोल आहेत ते प्रमाण, मागितली होती किमान ८५ टक्के, भरली ६० च्या आसपास. सगळा लॉट परत आला. आम्ही नऊ दिवस अल्ट्रासॉनिकवर, म्हणजे ध्वनिलहरींनी तपासायच्या यंत्रावर, एकेक नग तपासत बसलो. नुकसान झाले ते झाले, ते मालकाचे. मला आजही झोंबते ते पुढचे. पार्टीला पाठवायच्या रिपोर्टात मूळ कारण लिहिले गेले 'ऑपरेटरची चूक', आणि घरी पाठवला तो त्या खडूवाल्या मुलाला. ज्याच्या हातातला खडू काढून घेतला, ज्याला हात वर करायला जागाच ठेवली नाही, त्याला! त्या रिपोर्टावर क्वालिटीची सही लागते. ती माझी आहे. मुलीचे लग्न तोंडावर होते, मी सही केली. पुढच्या वर्षी नोकरी सोडली.

लेखात कोडॅकही आहे. डिजिटल कॅमेरा त्यांच्याच स्टीव्ह सॅसनने १९७५ मध्ये बनवला आणि २०१२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, हे दर सहा महिन्यांनी कुठे ना कुठे वाचायला मिळते. नवे न स्वीकारल्याने बुडालेल्यांची गोष्ट सांगायला सोपी असते. नवे घाईने बसवून बुडालेल्या, शिरोली, गोकुळ शिरगाव या आमच्या औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या कारखान्यांवर कोण लिहिणार? त्यांच्या शेडवर दुसऱ्याची पाटी लागते आणि विषय संपतो. आपल्या वार्ताहराला एकदा तिथे पाठवा. सोबत लेखकमहोदय आले तर उत्तम, ओतकाम चालू असताना मी त्यांना स्वतः दाखवीन. आयटीआयलाही जाऊन या म्हणावे. फाउंड्रीमनचा ट्रेड घ्यायला मुले का येत नाहीत, यावर आपण शेवटचे कधी छापले ते मला आठवत नाही.

जाता जाता एक. उद्योगाचे पान पूर्वी बुधवारच्या मुख्य अंकात असे. शनिवारच्या पुरवणीत गेल्यापासून ते आमच्या गल्लीत निम्म्या घरांत पोचतच नाही. विक्रेत्याला विचारले तर म्हणतो, गठ्ठ्यात पुरवण्या कमी येतात. हा अंकही मी शेजाऱ्यांकडून मागून वाचला. वर्गणी मात्र पूर्ण भरतो. कृपया वितरण विभागाला कळवावे.

आपला,
एक निवृत्त क्वालिटी इनचार्ज, कोल्हापूर