‘असं’ न म्हणता शिकवायला लावणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

प्रत्येक शरीराला जमेल असा योग कसा शिकवायचा, या तुमच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी चाकांच्या खुर्च्या घेऊन आलेली ती मी. निरोपात ‘खुर्च्या लागतील’ एवढंच होतं, म्हणून ऑफिसातल्या गुबगुबीत, गोल फिरणाऱ्या सहा खुर्च्या मी मोठ्या कौतुकाने गोळा करून आणल्या. तुम्ही काही बोलला नाहीत. मला एकीवर बसवलंत, समोर उभ्या राहिलात आणि म्हणालात, “वाका पुढे.” खुर्ची मागे पळाली, मी पुढे आले. खांदे तुम्ही धरलेत म्हणून नाक शाबूत राहिलं. “आता सांगा, खुर्ची कशी हवी?” चार पायांची, बिनहातांची, न डुगडुगणारी, खाली मॅट अंथरलेली. पाय जमिनीला टेकत नसतील तर तळव्यांखाली ब्लॉक. वहीत उतरवून घ्यायची गरजच पडली नाही.

त्या वेळी मला शिकवायला लागून नऊ वर्षं झाली होती आणि मी चांगली शिक्षिका आहे अशी माझी समजूत होती. वर्गात एक काकू नवीन आल्या होत्या, गुडघा बदललेल्या. वज्रासन आलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, “तुम्ही आज नुसतं बघा हं.” अगदी गोड आवाजात. त्या तासभर भिंतीला टेकून बघत बसल्या, मग मॅट गुंडाळून गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. आपण त्यांची काळजी घेतली, असंच मला वाटत होतं.

हा किस्सा मी तुम्हाला सांगितला तो खरं तर शाबासकीच्या अपेक्षेने. तुम्ही विचारलंत, “वज्रासन कशासाठी घेता?” मी म्हटलं, पचनासाठी. सगळे तेच सांगतात. “बरं, आणि त्या दिवशी, त्या वर्गात कशासाठी घेतलंत?” विचार करून म्हटलं, पाठ ताठ ठेवून शांत बसता यावं म्हणून. “मग त्याला गुडघा कशाला हवा?”

ताई, या एका प्रश्नाने माझं निम्मं काम बदललं. बदललेला गुडघा साधारण ११०-१२० अंशांपर्यंत वाकतो, वज्रासनाला त्याहून पुष्कळ जास्त लागतं. पण ताठ पाठ, मोकळा श्वास आणि स्थिर बैठक खुर्चीवरही मिळते. ते सोपं वज्रासन नाही की अर्धं वज्रासन नाही. काम तेच, बसण्याची जागा वेगळी.

आमच्यातल्या एकाने कुरकुर केली होती, की खुर्ची, पट्टे, लोड म्हणजे पळवाट झाली. तुम्ही चिडला नाहीत. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनावर फक्त तीन सूत्रं आहेत आणि त्यातलं पहिलं ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे स्थिर आणि सुखकर बसणं ते आसन, हे आहे, एवढी आठवण करून दिलीत. त्यात कुठल्या पायाचा अंगठा कुठल्या हाताने धरायचा याचा उल्लेख नाही. आणि दोर, पट्टे, खुर्च्या आसनांसाठी पद्धतशीर वापरायला लावणारे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) काही आळशी शिक्षक म्हणून प्रसिद्ध नव्हते, हेही.

मग ती परीक्षा. जोडीदार आपल्याकडे पाठ करून उभा, आपले हात मागे बांधलेले, आणि त्रिकोणासन फक्त शब्दांत शिकवायचं. माझ्या पाच मिनिटांत ‘असं’ सतरा वेळा आणि ‘इकडे’ अकरा वेळा आलं. मोजणारी मुलगी दुष्ट होती, पण हिशेब बरोबर होता. कुणीतरी सुचवलं, की आपणच डोळ्यांना पट्टी बांधून पाहू या, म्हणजे दृष्टिहीनांचा अनुभव कळेल. तुम्ही नको म्हणालात. दहा मिनिटांच्या पट्टीने फक्त घाबरणं कळतं, ज्याला दिसत नाही त्याचं रोजचं कसब त्यातून कळत नाही. त्यापेक्षा त्यालाच विचारा. ‘उजवा तळहात उजव्या नडगीवर’ हे वाक्य मी तेव्हापासून म्हणायला लागले, आणि गंमत म्हणजे ज्यांना नीट दिसतं त्यांनाही तेच जास्त कळतं.

खुब्यांचा तास मात्र मला झोंबला. मांडीच्या हाडाचा गोळा ज्या वाटीत बसतो ती कुणाची खोल, कुणाची उथळ, कुणाची जरा पुढे वळलेली. हाडाला हाड टेकलं की सरावाने पुढे जाता येत नाही. “ओढ लागतेय की अडतंय?” हा तुमचा प्रश्न मी आता दिवसातून दहादा विचारते. ओढ लागत असेल तर थांबून श्वास घ्यायचा, अडत असेल तर वाट बदलायची. ‘अजून थोडं, जमेल तुम्हाला’ असं म्हणत मी किती जणांच्या हाडांशी भांडले असेन!

स्थूल शरीराबद्दल तुम्ही ज्या साध्या आवाजात बोललात तो आवाज मला अजून पूर्ण जमलेला नाही. बालासनात, म्हणजे गुडघ्यांवर बसून पुढे झुकताना, गुडघे एकमेकांपासून लांब ठेवा, पोटाला जागा द्या, मांस हाताने बाजूला घ्या. हे वाक्य आरशासमोर उभं राहून न लाजता म्हणायला लावलंत. आम्ही आधी खिदळलो, मग गप्प झालो.

‘कुणाला काही त्रास आहे का?’ हे भर वर्गात विचारणंही मी सोडलं. सगळ्यांसमोर कोण हो म्हणणार? आता आधी एकेकट्याला कागदावर नेमकं विचारते: काचबिंदू, रक्तदाब, हाडांचा ठिसूळपणा, गरोदरपण. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो, हे नऊ वर्षं मला माहीत नव्हतं. आणि हात लावण्याआधी विचारते, दर वेळी.

एक सांगते, रागावू नका. प्रत्येक आसनाचे तीन प्रकार एकाच दमात सांगायचे, हे तुमचं म्हणणं मला अजून पटत नाही. वीस जणांच्या वर्गात माझं बोलणं संपतच नाही आणि लोकांना स्वतःचा श्वास ऐकू येत नाही. मी दोनच सांगते, खुर्चीवरचा आधी. तिसरा ज्याला हवा त्याच्याजवळ जाऊन.

काकूंना फोन केला. माफी मागितली. त्या म्हणाल्या, “अगं, मी आता रोज चालायला जाते, बरं चाललंय.” त्या परत येणार नाहीत. पण सध्या वर्गात एक मुलगी आहे, तिला ऐकू येत नाही. शवासनात डोळे मिटले की माझ्या सूचना तिच्यासाठी संपतात. तिनेच ठरवून दिलंय: उठायची वेळ झाली की मी तिच्या पायाशी, मॅटवर, दोनदा थाप मारायची. परवा विसरले. सगळे उठून गेले तरी ही बाई निवांत! नंतर म्हणाली, आजचं शवासन सगळ्यात छान झालं.

पुढच्या तुकडीला मदतीला येते म्हटलंच आहे. खुर्च्याही मीच आणते. बिनचाकांच्या.

तुमची,
पहिल्या रांगेतली विद्यार्थिनी