डिजिटल पियानोचीही जवारी काढता येते

संपादक महोदय,

मिरज-सांगलीकडे मुलांसाठी डिजिटल पियानो घेणारी बरीच घरं आता माझ्या माहितीत आहेत. वर्षभरात त्यातली निम्मी वाद्यं चादरीखाली गेलेलीही मी पाहते. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "आवाज पत्र्यासारखा येतो." आमच्याकडेही तेच झालं. माझी दहा वर्षांची नात एक दिवस पट्ट्यांवरून हात उचलून म्हणाली, "आजी, हा आवाज कानाला टोचतो गं." मी शाळेत तीस वर्षं संगीत शिकवलं, पण पियानो माझं वाद्य नव्हे. तरी तिच्या त्या एका वाक्यामुळे मी त्याच्या मागे लागले.

आमच्या मिरजेत तानपुऱ्याचा आवाज टोचायला लागला तर कोणी तानपुरा टाकून देत नाही. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा घासून कारागीर जवारी, म्हणजे स्वराचा झणकार, नीट करतो. खुली हवी तर खुली, गोल हवी तर गोल. खऱ्या पियानोतही हे काम असतंच. त्याच्या हातोड्यांवर लोकरीचा नमदा चढवलेला असतो. वाजवून वाजवून तो घट्ट झाला की स्वर धारदार होतो, मग जाणकार माणूस त्यात सुया टोचून तो सैल करतो. डिजिटल पियानोत हातोडीही नाही आणि तारही नाही, त्यामुळे इथे हात घालण्यासारखं काही नसेल असं मला वाटत होतं. पण तसं नव्हतं.

या वाद्यात खऱ्या पियानोचे स्वर हळू, मध्यम, जोरात असे निरनिराळ्या आघातांनी वाजवून मुद्रित केलेले असतात. हलक्या आघाताचा स्वर नुसता लहान नसतो, तो मुळातच गोल असतो. जोराच्या आघाताचा स्वर चकचकीत आणि टोकदार असतो. आमच्या दुकानदाराने 'लहान हात आहेत' म्हणून टच (पट्टी किती जोराने दाबली की किती जोराचा स्वर यावा, ते ठरवणारी सोय) 'लाइट'वर ठेवून दिला होता. त्यामुळे पोरीने बोट जरा टेकवलं तरी तो टोकदार स्वरच बाहेर येई. मी टच 'हार्ड'वर नेला. नाव ऐकून भीती वाटते, पण परिणाम नेमका उलटा झाला! तेवढ्याच जोराला आता मऊ स्वर येतो.

याहून मोठी चूक माझ्या हातून घडत होती. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मी आवाज अगदी बारीक ठेवायला लावत असे. ऐकू येत नाही म्हटल्यावर मूल पट्ट्या बडवतं, आणि बडवलं की पुन्हा तोच कर्कश स्वर वाट्याला येतो. आवाज थोडा वाढवला, तर दोन दिवसांत तिचा हात आपोआप हलका झाला. मला हा बदल सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्यात वाद्यापेक्षा वाजवणारी सुधारली.

मग 'ब्रिलियन्स', म्हणजे स्वराचा चकचकीतपणा, दोन घरं खाली आणलं (काही वाद्यांत हेच 'व्हॉइसिंग'मध्ये 'मेलो' या नावाने सापडतं) आणि घुमाऱ्यासाठी मोठ्या दालनाचा 'हॉल' काढून लहान खोलीचा 'रूम' ठेवला.

जागेचाही दोष होता. आमच्या वाद्याचे स्पीकर खालच्या बाजूला आहेत आणि ते आम्ही सनमायकाच्या टेबलावर ठेवलं होतं. आवाज टेबलावर आपटून वर यायचा, वर टेबलाचा खडखडाट वेगळाच. साधा उघडा स्टँड आणला, खाली फरशीवर जाड सतरंजी घातली, समोरच्या उघड्या भिंतीवर पडदा लावला. कोपऱ्यात सरकवून पाहिलं तेव्हा खर्ज भरला, पण घुमायला लागला, म्हणून भिंतीपासून वीतभर पुढे घेतलं.

एक उणीव मात्र राहतेच. पियानोची सगळ्यात खालची पट्टी २७.५ हर्ट्झची असते. अंगच्या लहान स्पीकरांना ती पेलत नाही आणि खर्ज दुबळा पडला की वरचे स्वर उगाच उठून दिसतात. माझ्या मुलाची दोन मोठ्या स्पीकरांची जुनी म्युझिक सिस्टीम हेडफोनच्या जागेतून वायरने जोडली, तेव्हा मंद्रातल्या पट्ट्यांना पहिल्यांदा अंग आलं. खऱ्या पियानोची लाकडी फळी जशी सगळ्या अंगाने बोलते तसं हे बोलणार नाही, हे मी मान्य करते.

सतरंजी घरचीच होती, स्पीकर जुनेच होते. खर्च झाला तो स्टँड, पडदा आणि वायरीचा. माझं म्हणणं विक्रेत्यांना आणि शिकवणाऱ्यांना आहे. वाद्य घरी पोचवताना दहा मिनिटं बसून टच आणि ब्रिलियन्स मुलाच्या हाताप्रमाणे लावून द्या, आणि ते कसं बदलायचं हे आईवडिलांना मराठीत सांगा. माहितीपुस्तिका इंग्रजीत असते आणि तीही बहुतेक घरांत खोक्यातच राहते. आमचं वाद्य बंद केलं की हे बदल पुसले जातात, हेसुद्धा मला आठवडाभर गोंधळल्यावर कळलं. आता नातीने कोणती कळ दाबून कोणती पट्टी दाबायची ते कागदावर लिहून वाद्याशेजारी चिकटवलं आहे आणि वाजवायला बसण्यापूर्वी ती स्वतःच सगळं लावून घेते.

– एक निवृत्त संगीत शिक्षिका, मिरज